गूळ कोणत्या खात्यात लिहायचा?

मुरुम, ता. उमरगा
१४ जून २०२४

ती. राजशेखरमामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर सल्ला देत नाही, म्हणून हे पत्र. आई म्हणते की तुमचं कानाचं यंत्र कपाटात आहे आणि तुम्ही ते मुद्दाम तिथं ठेवलं आहे. मला त्यात पडायचं नाही. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, ही पद्धत मला सोयीची आहे.

बातमी तुम्हाला कळली असेलच. पण ती आईकडून कळली असणार, म्हणून दुरुस्त करून सांगते. मला पुण्याच्या नोकरीवरून कुणी काढलेलं नाही. मी राजीनामा दिला. माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. तब्येत ठीक आहे. तिथं मी कारखान्यांचे वजनकाटे आणि प्रेशर गेज तपासत होते, आता मुरुममध्ये काटे दुरुस्त करणार आहे. इथं बाजार समिती आहे, अडत दुकानं आहेत, दूध संकलन केंद्रं आहेत, आणि प्रत्येक किराणा दुकानात एक काटा आहे. त्यातले निम्मे चुकीचं वजन दाखवतात. कोणाच्या फायद्याचं ते विचारू नका. दुरुस्तीचा सरकारी परवाना हातात आला आहे.

मुनवर चाचा तुम्हाला आठवत असतील, बसस्टँडमागं काटे दुरुस्त करायचे ते. त्यांची नजर कमी झाली. आता ते लातूरला मुलीकडं, शाहिस्ताताईकडं, राहायला गेले. जाताना त्यांनी हत्यारं मला विकली आणि गिऱ्हाइकं फुकट दिली. वर सांगितलं की बिल फाडायचं तर फाड बेटा, पण सुगीच्या आधी कुणाला टोकू नको. म्हातारा माणूस मऊ बोलणारच.

दुकान म्हणजे बाबांच्या पाईप-मोटारींच्या दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग. मध्ये प्लायवूड लावलं आहे. बाबांची अट अशी की गुढीपाडव्यापर्यंत धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर जागा माझी. नाही तर मोबाईल दुकानवाला कृष्णराज तिथं भाड्यानं यायला तयार आहे, आणि मी पुण्याला परत जायचं. मला हे मान्य आहे. मोजता येईल अशी अट मला आवडते.

आता प्रश्न. एक खासगी डेअरी तिच्या सगळ्या संकलन केंद्रांचं काम देते आहे, पण जीएसटी बिल हवं म्हणते. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आसपासही जाणार नाही. तरी नोंदणी घ्यावी का? आणि बाबांच्या आणि माझ्या पैशांत फक्त प्लायवूड आहे, त्याचं काय करावं?

मामींना नमस्कार. तुमचा राग माझ्यावर नसावा, असला तर तोही लेखी कळवावा.

आपली भाची,
महेश्वरी

•

भूम
२३ जून २०२४

चि. महेश्वरी हिला भूमहून मामाचे अनेक आशीर्वाद (यांवर कर लागत नाही).

पत्र पोचलं. यंत्र कपाटात आहे हे खरं. चाळीस वर्षं भूमच्या खवावाल्यांचे कराचे कागद केले. त्यांच्या दुधाची फॅट आणि त्यांचा नफा, दोन्ही आकडे त्यांनी मला दर वेळी वेगळे सांगितले. आता ऐकायचं नाही असं ठरवलंय.

नोंदणी घे. डेअरीला तू बिलात लावलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून तिला तसलं बिल लागतं. कमी दराची सवलत योजना घेऊ नको, त्यात गिऱ्हाइकाला वजावट मिळत नाही आणि डेअरी तुला दारातनंच परत लावील. दुरुस्तीवर अठरा टक्के. आणि पोरी, कान उघडे ठेवून वाच: कर बिलावर भरायचा असतो, पैसे मिळाल्यावर नाही. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, तू बिल फाडलंस की सरकारचा वाटा ठरला.

बँकेत वेगळं खातं काढ. दुकानाचा रुपया दुकानाच्या खात्यात. तुला ड्रेस घ्यायचा झाला तर आधी ‘उचल’ म्हणून वहीत लिहायचं, मग ड्रेस. तुझ्या बापाचा हिशेब म्हणजे शर्टाचा वरचा खिसा, हे मला लग्नाच्या याद्या केल्या तेव्हाच कळलं होतं. तो खिसा तुझ्या गल्ल्यापासून लांब ठेव. घरात दुकानाची टाचणी जरी गेली तरी ती उचल. लक्षात ठेव, छोटा धंदा चोरानं कमी बुडतो आणि घरच्यांनी जास्त.

तुझी आई फोनवर रडत होती असं मामी म्हणाली. मी ऐकलं नाही. माझं मत विचारशील तर, काटा दुरुस्त करणारी पोरगी या जिल्ह्यात दुसरी असेल असं वाटत नाही. अडत्यांच्या पोटात गोळा आला असणार. मला तर लई मजा वाटली.

मामी म्हणती, जेवत जा. आमच्यावर माया राहू दे; व्याज नको, मुद्दल पुरे.

तुझा,
राजशेखरमामा

•

मुरुम
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

नोंदणी झाली, खातं उघडलं, टाचणीसुद्धा लिहिते. बाबांनी माझ्या गल्ल्यातून चहाला सुटे नेले, ते त्यांच्यासमोर उचल म्हणून लिहिले. त्यांनी आईला विचारलं की ही पोरगी आपलीच आहे ना.

काम भरपूर आहे. पहिल्या महिन्यात लोक काटा घेऊन यायचे आणि चाचा कुठं आहेत विचारायचे. मी ‘गेले’ म्हटलं की दचकायचे. आता ‘लातूरला’ हा शब्द आधी म्हणते. अडत्यांपैकी एक अमरसिंह स्वतः येऊन म्हणाले की ताई, काटा लई बरोबर करू नका, थोडं आमच्याकडंही बघा. मी त्यांना सांगितलं की काट्याला डोळे नसतात आणि मला दोन आहेत, दोन्ही सरकारी परवान्यावर आहेत. ते हसले आणि काटा ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी रोख पैसे दिले.

अडचण इतरांची आहे. डेअरी पैसे देते, अमरसिंह देतात, बाकी कुणी देत नाही. शेतकरी, किराणावाले, गुऱ्हाळवाले. काटा घेतात, वजन टाकून बघतात, खूश होतात, मी दिलेलं बिल नीट घडी करून खिशात ठेवतात, होऊन जाईल की म्हणतात आणि जातात. त्या प्रत्येक बिलावरचा कर मी माझ्या खिशातून भरला आहे. म्हणजे सध्या मी लोकांचे काटे दुरुस्त करून त्याबद्दल सरकारला पैसे देते.

मी छापील स्मरणपत्रं पाठवली. भाषा सभ्य होती. ‘आपणाकडील खालील रक्कम येणे बाकी असून ती पंधरा दिवसांत जमा न केल्यास पुढील सेवा देणे शक्य होणार नाही.’ त्यावर किराणावाल्या सिद्धम्मांनी दुकानात येऊन विचारलं की हे कोर्टाचं आहे का. मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग ठीक आहे, आणि त्याच कागदात बांधून खारीक देऊन गेल्या.

हा आणखी एक त्रास. लोक घरी काहीबाही आणून टाकतात. कुणी उडीद, कुणी मूग, परवा एकानं सोयाबीनचं अर्धं पोतं. आई ठेवून घेते. मी तिला सांगितलं की फुकटचं घेत जाऊ नको, माणसं मिंधं करायला देतात. आई म्हणाली की दारी आलेलं धान्य परत लावत नसतात. बिलाचे पैसे द्यायला ज्यांचा हात आखडतो, त्यांचाच उडीद द्यायला सैल कसा होतो, हे मला कळत नाही.

मामींना सांगा, जेवते.

लोभ कमी झाला असल्यास फरक कळवावा,
महेश्वरी

•

भूम
४ नोव्हेंबर २०२४

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

दिवाळी बरी झाली. मामीनं केलेल्या शंकरपाळ्यांवर वजन ठेवून बघितलं, तुटल्या नाहीत. हे पत्र तिला दाखवू नको.

स्मरणपत्राची भाषा मी मामीला वाचून दाखवली. ती म्हणाली की असलं पत्र आलं तर मी दार लावून घेईन. अगं, ‘सेवा देणे शक्य होणार नाही’ हे मोबाईल कंपनीनं म्हणावं. गावात ‘काका, तेवढं बघा’ म्हणायचं.

आता वहीचं. पैसे आले नाहीत म्हणून बिल खोडू नको. ती रक्कम येणं म्हणून तशीच राहू दे, वर्षअखेरीस ज्याची आशाच नाही ते बुडीत लिही. भरलेला कर काही परत यायचा नाही. बुडीत रकमेसाठी सरकार रडत नाही. आयकराला मात्र एक सोपी वाट आहे. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरून विवरण भरता येतं, वह्या दाखवाव्या लागत नाहीत. तेवढं केलंस तरी चालतंय.

पण तुला ते चालायचं नाही, मला माहिती आहे. तुला खरा आकडा पाहिजे. बापाला दाखवायला पाहिजे. पोरी, धंद्याचं पहिलं वर्ष म्हणजे नव्या सुनेचं पहिलं वर्ष. त्यात खरं काय ते कुणालाच कळत नसतं.

धान्याचं मनाला लावून घेऊ नको. लोकांना तुझं कौतुक आहे, म्हणून देतात. गुऱ्हाळं सुरू झाली की कुणी गूळ दिला तर त्यातली एक ढेप इकडं पाठव. भूमला खवा ढीगभर, पण गूळ तिकडचाच.

आठवण ठेवणारा,
राजशेखरमामा

•

मुरुम
१६ फेब्रुवारी २०२५

श्री. राजशेखरराव यांस,
स. न. वि. वि.

मुरुमहून श्रीमंतचा नमस्कार. मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे हे तुम्ही जाणता, पण तुमच्या भाचीनं तुमच्याशी लिहूनच बोलायची रीत पाडली, म्हणून बसलो. घरात सांगितलेलं नाही.

पाडवा दीड महिन्यावर आला. पोरगी सकाळी जाती, दिवेलागणीला येती. हात काळे, तोंड मिटलेलं. मी विचारलं की किती सुटले, तर म्हणती की वर्षअखेरीस ताळेबंद दाखवीन. पण मला दिसतंय की. लोक पैसे देत नाहीत. तिनं दुसरी नोटीस काढलीय, सगळ्या गावाला. परवा चावडीजवळ मला एकजण म्हणाला की श्रीमंतराव, तुमच्या लेकीनं आम्हाला बुडवे केलं की. मला खाली बघावं लागलं. आणि तिच्याच वहीत मी चोरून बघितलं, खाली मोठ्या अक्षरात ‘बुडीत’ लिहून रकमांची रांग लावलीय. म्हणजे तोटाच झाला.

पुण्यात तिची जागा अजून आहे असं ऐकतो. कृष्णराज अनामतही द्यायला तयार आहे. लेकीला नाही म्हणणं मला जमणार नाही, तुमचं ती ऐकती. तुम्ही सांगा की धंदा सगळ्यांना जमत नाही, त्यात काही कमीपणा नाही. मी सांगितलं तर तिला वाटंल बाप भाड्यासाठी करतोय. तसं नाही हो. ती हसत नाही आजकाल. आधीही लई हसायची असं नाही, पण आता मोजून सुद्धा नाही.

बाकी घरचं बरं आहे. यंदा देवाची कृपा म्हणायची, तूर विकत आणावी लागली नाही, आणि डाळ अशी की एका शिट्टीत शिजती. गूळ तर इतका की रोज पोळी. खपली गव्हाचं पोतं आलंय, खिरीला. आता ज्वारीच्या राशी झाल्या की तीही येईल असं तुमची बहीण म्हणती. महागाईच्या दिवसांत किराणा कसा भागतो म्हणून मी चिंतेत असायचो, यंदा दुकानदाराकडं जायचं कामच पडलं नाही. 

कळावे. नातं आहे तसं घट्ट असू द्यावं.

आपला,
श्रीमंत

•

मुरुम
९ मार्च २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुम्हाला पत्र लिहिलं हे मला माहीत आहे. त्यांनी पाकिटाला तिकीट माझ्या ड्रॉवरमधून घेतलं आणि मला उचल लिहावी लागली. मजकूर विचारत नाही. हे पत्र वेगळ्या आणि जास्त महत्त्वाच्या कामासाठी आहे.

सिद्धम्मा काल दुकानात आल्या. दुसरं स्मरणपत्र हातात, मागं त्यांची सून, आणि आवाज बाजार समितीपर्यंत. त्यांनी मला विचारलं की माझी तूर गिळून वर हा कागद पाठवतीस व्हय गं? मी म्हटलं की तूर तुम्ही आईला भेट दिली होती, बिल वेगळं आहे.  मग त्यांनी सुनेला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, दोघी माझ्याकडं बघत राहिल्या, आणि सिद्धम्मा स्टुलावर बसून हसायला लागल्या. पाणी द्यावं लागलं.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. मुनवर चाचांनी मुरुममध्ये शेतकऱ्याकडून आणि किराणावाल्याकडून रोख पैसा कधी घेतलाच नाही. वर्षभर काटा बघायचा आणि सुगीला ज्याच्या घरी जे पिकेल ते त्याच्या घरी पोचायचं. उडीद-मूग निघाले की ते, मग सोयाबीन, मग तूर, गुऱ्हाळ लागलं की गूळ. किराणावाले दुकानातलं देतात. चाचांनी गिऱ्हाइकं मला दिली, म्हणजे ही रीतही दिली. मी बिल देते ते लोकांना आवडलं. किती किमतीचं धान्य पोचवायचं हे त्यावरून कळतं, चाचांच्या वेळी अंदाजानं द्यावं लागायचं, असं त्या म्हणाल्या. म्हणून बिलं घडी करून ठेवत होते.

म्हणजे मामा, ती बिलं भागवलेली आहेत. जवळजवळ सगळी. मी गावातल्या सर्वांत प्रामाणिक गिऱ्हाइकांना दोन-दोनदा बुडवे ठरवलं.

आईला विचारलं की तुला माहीत होतं का. ती म्हणाली की अगं, मला वाटलं तुला माहिती आहे, तू एवढी शिकलेली. मी म्हटलं की मी फुकटचं घेऊ नको म्हणाले तेव्हा तरी बोलायचं. ती म्हणाली की तू वहीत काहीतरी लिहीत होतीस, मध्ये बोलले असते तर चिडली असतीस. हे खरं आहे.

आता अडचण हिशेबाची. माल आला, पण तो वहीत नाही. दुकानातही नाही. तो खाल्ला गेला आहे. तूर अर्धी संपली, मूग पूर्ण, खपलीची खीर परवा झाली. एक ढेप तुमच्याकडं आहे किंवा होती. गूळ कोणत्या खात्यात लिहायचा? आणि हे उत्पन्न धरलं तर त्यावर पुन्हा कर बसेल का? बसत असेल तर भरीन. पण वही खरी झाली पाहिजे, पाडव्याच्या आत. सध्या तिच्यात तोटा आहे, आणि बाबांची अट तुम्हाला ठाऊक आहे.

कृष्णराज आज प्लायवूड मोजून गेला.

उत्तर लवकर द्यावं. माया आहे असं धरून चालते,
महेश्वरी

•

भूम
१५ मार्च २०२५

चि. महेश्वरी,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की मामीनं कपाटातलं यंत्र काढून माझ्या कानात घातलं. मला झटका आला असं तिला वाटलं. आता घराच्या सगळ्या बातम्या ऐकू येतात, ही तुझ्यामुळं झालेली नुकसानी आहे.

आधी माझं. भूमच्या व्यापाऱ्यांत आयुष्य गेलं, तिथं सगळा रोखीचा मामला. तुझा उडीद वाचून मलाही काही सुचलं नाही, उलट गूळ मागवून मोकळा झालो. ढेप संपली. माझ्या नावानं लिही, भाव कळव, मनीऑर्डर करतो.

आता नीट वाच. मोबदला रुपयांतच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही. वस्तू आली तर त्या दिवसाच्या बाजारभावानं तिची किंमत धरायची. तू बिल आधीच फाडलंस, त्यावरचा कर आधीच भरलास, त्यामुळं धान्य आलं म्हणून पुन्हा कर नाही. बिलाची बाकी फक्त तेवढ्यानं कमी होते. ‘बुडीत’ खोड आणि ज्याची तूर आली त्याच्या खात्यात तुरीची किंमत जमा दाखव. मग ती तूर तुझ्या घरच्या चुलीवर गेली, ती उचल. ड्रेसची उचल आणि डाळीची उचल, वहीला दोन्ही सारख्या. उचलीनं नफा कमी होत नाही, फक्त तो कुणी नेला ते कळतं. गूळही तसाच.

बाजार समितीचे त्या त्या दिवसाचे भाव मिळतील. वजन मात्र ज्यानं दिलं त्यालाच विचार. जाऊन विचार, कागद पाठवू नको! बिलापेक्षा जास्त दिलं असेल तर पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम म्हणून लिही, नाही तर पुढच्या वेळी ते तुला कमी देतील आणि तू परत नोटीस काढशील. सगळ्यांना पावती दे. पावतीवर माफी लिहायची नसते, पण तोंडानं म्हणायला कर नाही.

तुझ्या बापाच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. त्यानं काय लिहिलं ते सांगणार नाही, तो विश्वासाचा भाग आहे. एवढंच सांगतो की पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात त्यानं तुझ्या धंद्याच्या नफ्याचा सविस्तर तपशील दिलाय, चवीसकट. त्याला जेवायला वाढून झालं की हिशेब विचार.

तुझ्याइतकाच अधीर,
राजशेखरमामा

•

मुरुम
२ एप्रिल २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची मनीऑर्डर मिळाली. पावती सोबत. तुम्ही पाठवलेली रक्कम त्या दिवसाच्या भावापेक्षा जास्त होती, जास्तीचे पैसे पाकिटात आहेत.

सांगितल्याप्रमाणं घरोघर गेले. कठीण गेलं. मला माफी मागायची सवय नाही, आणि लोकांना ती मागू द्यायची नव्हती. प्रत्येक घरी चहा झाला. तिसऱ्या घरानंतर मी नको म्हणणं सोडलं. वजन विचारलं तर लोक लाजत होते. एका गुऱ्हाळवाल्यानं सांगितलं की वजन करूनच पाठवलं ताई, तुमच्याच काट्यावर, तो खोटं कसं बोलंल. पावत्या सगळ्यांनी घेतल्या. सिद्धम्मांनी त्यांची पावती दुकानात, उदबत्तीच्या पाकिटांच्या वर चिकटवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचायला लावतात. खारकेची नोंद नाही म्हणून त्यांनी मला परत बोलावलं. ती भेट होती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की आधी भेट होती, पण पावतीचा कागद इतका छान आहे तर लिहूनच टाक.

दोघांची बिलं खरोखर बाकी आहेत. त्यांना मी ‘काका, तेवढं बघा’ म्हटलं. एकानं बघितलं.

पाडव्याला जेवणं झाल्यावर बाबांसमोर वही ठेवली. मांडणी तुम्ही सांगितली तशी. वर बिलं, मग आलेलं धान्य आणि गूळ किमतीसह, मग खर्च, शेवटी नफा. मोठा नाही, पण उणेही नाही. खाली वेगळ्या पानावर उचल. बाबांनी बराच वेळ वाचलं. मग बोट ठेवून विचारलं की ही तूर कोणती. मी म्हटलं, एका शिट्टीत शिजणारी. बोट खाली सरकलं. खपलीवर बोट ठेवलं, गुळावर ठेवलं. मग आईला विचारलं की म्हणजे वर्षभर हिच्या धंद्यावर मी जेवतोय? आई म्हणाली की दोन-दोन पोळ्या जास्त. बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. आई म्हणाली की थांब, मोठा माणूस आहे, पचायला वेळ लागतो.

काल सकाळी कृष्णराज अनामत घेऊन आला. मी प्लायवूडच्या अलीकडं एका काट्याची तार जोडत होते, त्यामुळं सगळं ऐकू आलं. तीन-चार गिऱ्हाइकं समोर होती. बाबा त्याला म्हणाले की उशीर केलास बाबा, जागा कालच भाड्यानं गेली. कृष्णराजनं विचारलं की कुणाला. बाबा म्हणाले की काट्यावाल्या बाई आहेत एक, हिशेबाला लई पक्क्या.

मग दुपारी ते अलीकडं आले, गिऱ्हाइकासारखे काउंटरच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले की एप्रिलपासून भाडं लागेल. कृष्णराज जेवढं देणार होता तेवढंच. वर म्हणाले की अर्धं तुरीत दिलंस तरी चालेल. मी सांगितलं की भाडं बँकेतच जमा होईल आणि करारनामा लागेल. आणि मालक नोंदणीकृत नसल्यामुळं भाड्यावरचा जीएसटी मालकाऐवजी भाडेकरूनं भरायचा असतो, तो मी भरीन आणि त्याची वजावटही घेईन. हे त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं की मग मला यात काय मिळणार. आता त्यांनाही भाड्याचं उत्पन्न दाखवावं लागेल. त्याबद्दल ते तुम्हाला लिहिणार आहेत, तिकिटाचे पैसे या वेळी रोख देऊन गेले.

भाडं जास्त आहे, मामा. मुरुमच्या बाजारात अर्ध्या गाळ्याला एवढं कुणी देत नाही. मला घासाघीस चांगली येते, हे तुम्हाला माहीत आहे.

मी केली नाही. त्यांनी सांगितला तोच आकडा करारनाम्यात लिहिला, आणि ‘भाडेकरू’ या शब्दापुढं माझं नाव त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातलं.

मामींना नमस्कार. यंत्र कानातच ठेवा, मी पुढच्या महिन्यात भूमला येते आहे आणि काही गोष्टी लिहून सांगण्यासारख्या नाहीत. तोवर माझ्यावरची माया चालू खात्यात असू द्यावी.

आपली,
महेश्वरी